कोठीची सुरी

एतेल्काची सकाळ रोज एका ठिकाणी येऊन थांबत असे.

घरात सर्वांआधी ती उठे. चुलीतली राख ओढून काढी, बारीक काटक्यांवर दोन जाड ढलप्या रचून जाळ करी, बिडाचा तवा चुलीच्या कडेला, जिथे आच बेताची असते तिथे ठेवी, एक मोठा कांदा बारीक चिरून फळीच्या कोपऱ्यात सारी, अंडी वाडग्यात फोडून फेटून ठेवी, आणि नवऱ्याच्या, बालिंतच्या, डब्यासाठी कालच्या पावाचे जाड काप कापून फडक्यात गुंडाळी. मग हात पुसून ती उभी राही. यापुढे जे लागणार होते ते कोठीत होते, आणि कोठीत ती जात नसे.

थोड्या वेळाने तिच्या सासूबाई, बोर्बाला, आपल्या खोलीतून बाहेर येत. उंच, ताठ बांध्याची बाई. वय झाले तरी दारातून जाताना मान वाकवावी लागे. त्या कोठीत शिरत, उंचावरच्या खिळ्याला अडकवलेली सुरी काढत, छताला टांगलेल्या बेकनच्या, म्हणजे मीठ लावून धुरी दिलेल्या डुकराच्या चरबीच्या, पट्ट्यातून दिवसभरापुरता तुकडा कापत आणि तो आणून फळीवर ठेवत.

"पुरेल ना?"

"पुरेल, आई."

एवढेच संभाषण, वर्षानुवर्षे तेच. त्या तुकड्यावर एतेल्का दिवसभर घर चालवी. सकाळी त्याची चरबी तव्यात काचेसारखी पारदर्शक होईपर्यंत सोडून तिच्यात कांदा आणि अंडी. दुपारी घेवड्याच्या सुपात त्याची जाड साल. संध्याकाळी कोबी घातलेल्या शेवयांवर कुरकुरीत कण. तिच्या हातच्या चवीची कीर्ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत होती. लग्नकार्यात तिला बोलावून नेत. पण ज्याच्यावर ही सारी चव उभी होती, त्याला हात लावण्याचा अधिकार मात्र तिला नव्हता... कोठीच्या दाराला कुलूप नव्हते. कधीच नव्हते. त्याची गरजच पडली नव्हती.

याचे कारण म्हणून घरात एक गोष्ट सांगितली जाई. एतेल्का सपाटीवरच्या रेल्वेच्या गावातून आलेली. तिच्या माहेरी बेकन कसायाच्या दुकानातून यायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, डिसेंबरच्या रीतीप्रमाणे, डुक्कर कापले गेले, बोर्बालाबाईंनी आपल्या हाताने पट्ट्यांना मीठ चोळले, आणि धुरीसाठी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा भुसा आणायचे काम घरच्या पोरींवर सोपवले. त्या वर्षी धुरीच्या खोलीतून जे बाहेर आले, ते काळपट, चिकट आणि कडू होते. त्याला पाइनच्या राळेचा वास येत होता. एका डुकराच्या बेकनवर घर वर्षभर जगते. त्या वर्षी घरातल्या प्रत्येक घासात ती राळ होती. भुसा कुणी आणला, असे सासऱ्यांनी, आम्ब्रुश यांनी, विचारले तेव्हा एतेल्का पुढे होऊन म्हणाली होती, "मी आणला."

सपाटीवरची मुलगी, हिला लाकडातले काय कळणार, म्हणून साऱ्यांनी ते लगेच मानले. कुणी मारले नाही, कुणी माहेरी धाडले नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वतः कोठीत जाऊन तुकडा कापू लागल्या... आणि एतेल्काचा हात बेकनला लागत नाही, असा शिक्का तिच्यावर कायमचा बसला.

खरे काय ते दोघींनाच ठाऊक होते. भुसा आणला होता तिच्या नणंदेने, विल्माने. गावात नव्याने आलेल्या सुताराच्या प्रेमात ती आकंठ बुडाली होती आणि आम्ब्रुश यांनी त्या उपऱ्याचे नाव जरी काढलेस तर थेट मिश्कोल्त्स शहरातल्या मावशीकडे पाठवीन, अशी तंबी दिली होती. पलीकडच्या टेकडीवरच्या लाकडाच्या गिरणीतून बीचचा भुसा आणायचा, त्याऐवजी विल्मा त्याच्या कामावरून पोते भरून घेऊन आली होती. ते पोते कुठून आले हे उघड झाले असते, तर सारे संपले असते. रात्री रडून सुजलेले ते कोवळे तोंड एतेल्काने पाहिले आणि काय करायचे ते तिचे तिनेच ठरवले. पुढे आम्ब्रुश निवळले, विल्माचे त्याच सुताराशी, लोरिंत्सशी, लग्न झाले, त्यांचा संसार दोन गल्ल्या पलीकडे हसतखेळत उभा राहिला. विल्मा खरे सांगायला निघे, आणि दर वेळी एतेल्का तिला अडवी. आधी आम्ब्रुश यांच्या रागाच्या भीतीने, मग त्यांच्या आजारपणामुळे, मग ते गेल्यावर सासूबाईंच्या दुःखामुळे... शेवटी ती गोष्ट भिंतीतल्या दगडासारखी घरात बसूनच गेली.

त्या रविवारी सकाळी मात्र एक वेगळी गोष्ट घडली. सासूबाई कोठीत गेल्या आणि सुरी खाली पडल्याचा खणखणाट झाला. एतेल्का धावली, आणि उंबऱ्यापाशी येऊन तिचे पाय आपोआप थांबले. आत सासूबाई वाकून सुरी उचलत होत्या. त्यांची बोटे गेल्या हिवाळ्यापासून सुजली होती. हात वर नेला की खांद्यातून कळ येई. त्यांनी मागे वळून पाहिले. मग सासूबाई म्हणाल्या, "काही नाही. कांदा करपेल बघ."

कांदा अजून तव्यात पडलाच नव्हता.

एतेल्काच्या मनात एक आशा अशीच, परवानगी न विचारता, शिरली. हात चालेनासे झाले आहेत. या हिवाळ्यात मीठ कुणाला तरी लावावे लागणारच. आपण घरातली सून... आपल्याला विचारतील का?

त्या दिवशी द्राक्षतोडणी संपल्याची जेवणावळ होती. अंगणातल्या अक्रोडाखाली बालिंतने सकाळीच जाळ केला होता आणि दुपार कलेपर्यंत त्याचे लालभडक, शांत निखारे झाले होते. भोवती सगळे बाकांवर बसले. प्रत्येकाच्या हातात लांब सळई, सळईच्या टोकाला बेकनचा जाड तुकडा, त्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या खोल खाचा. निखाऱ्यावर तुकडा धरायचा, खाचा फुलून चरबी सुटू लागली की तो पावावर टेकवायचा, थेंब मुरले की पुन्हा निखाऱ्यावर. पाव सोनेरी होईपर्यंत हे चालायचे, आणि मग त्यावर कांदा, काकडी, चिमूटभर लाल तिखट. या घरात पहिला भिजलेला पाव घरच्या कर्त्याला देण्याची रीत होती. आधी तो आम्ब्रुश यांना मिळे, आता बालिंतला.

बोर्बालाबाईंचे भाऊ, डेमेटरमामा, नवी द्राक्षदारू चाखून रंगात आले होते.

"एतेल्का, तू जरा वाऱ्याच्या पलीकडे बस गं. तुझी सावली पडली तरी बेकन कडू होतं म्हणतात."

"मग आधी तुमच्याच सळईवर पाडते, मामा."

"बघा, बघा. त्या वर्षीचा तुकडा आमच्या कुत्र्यानं हुंगला आणि आठ दिवस मला ओळख दाखवली नाही त्यानं."

सगळे हसले. एतेल्काही हसली, मनापासून हसली. मामांची थट्टा प्रेमाची होती हे तिला माहीत होते. फक्त विल्मा हसली नाही. ती आपली सळई उगाच फिरवत राहिली.

तेवढ्यात सासूबाईंनी आपली सळई बाजूला टेकवून ठेवली, सुजलेली बोटे मांडीवर पसरली आणि अगदी साध्या आवाजात सांगितले, की यंदा मीठ लावणे आणि धुरी देणे त्यांच्याने होणार नाही. ते काम विल्माने करावे.

एतेल्काने नजर निखाऱ्यांवर ठेवली. दुसरे काय होणार होते? आपणच वेड्यासारखी सकाळपासून...

विल्मा गडबडून म्हणाली, की घरात वहिनी असताना मी कशाला.

"तिचा स्वयंपाक आहेच गं, त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही," बोर्बालाबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात जराही विखार नव्हता, आणि म्हणूनच तो स्वर एतेल्काला अधिक लागला. "पण हे काम वेगळं. जाऊ दे, जुनं कशाला उगाळायचं. भुसा तेवढा स्वतः जाऊन आण, बीचचाच आहे हे हुंगून बघ."

यावर लोरिंत्स मोठ्याने हसला. तो आडदांड, निर्मळ मनाचा गडी. बायकोच्या घरात काही बोलताना अजून थोडा बिचकत असे, पण आज दारूने त्याची भीड चेपली होती.

"भुसा आणण्यात तुमची लेक पटाईत आहे हो, आई. त्या भुशावरच तर आमचं जमलं. मामंजींना कळलं असतं तर माझी तंगडी मोडली असती, पण आता सांगायला काय हरकत... शाळेच्या खिडक्या करत होतो मी, नवीनच आलो होतो गावात. तर ही बया पोतं घेऊन दारात. म्हणे, भुसा हवाय. मी पायाखाली जे होतं ते भरभरून दिलं. बघतोय कोण? मी हिच्याकडे बघत होतो, ही माझ्याकडे."

मामा मांडीवर थाप मारून हसले. बोर्बालाबाई हसल्या नाहीत.

"शाळेच्या खिडक्या कशाच्या आहेत, जावईबापू?"

"पाइनच्या. दुसरं लाकूड कोण घालतं खिडक्यांना?"

निखाऱ्यांवर चरबीचा एक थेंब पडला आणि चर्रकन आवाज झाला. शाळेच्या खिडक्या कोणत्या हिवाळ्यात बसल्या, हे त्या अंगणातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक होते. बालिंतच्या हातातली सळई कलली आणि त्याचा तुकडा निखाऱ्यांत जाऊन पडला. तो उचलायचेही त्याला भान राहिले नाही. तो बायकोकडे पाहत होता.

"विल्मा," एतेल्का घाईने म्हणाली, "तुझा पाव जळतोय बघ."

"जळू दे, वहिनी." विल्माच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले होते, पण तिचा आवाज ठाम होता. "आई, ते पोतं मी आणलं होतं. वहिनीनं माझ्यासाठी अंगावर घेतलं. आणि मी... मी इतकी वर्षं घेऊ दिलं."

बोर्बालाबाईंनी मुलीकडे पाहिलेच नाही. त्या सुनेकडे पाहत होत्या, जणू रोज सकाळी चुलीपाशी उभी राहणारी ही बाई त्यांना आज पहिल्यांदा दिसत होती.

"तू का नाही बोललीस?"

"मामंजी हिला मावशीकडे पाठवणार होते, आई," एतेल्का खाली मान घालून म्हणाली. "बेकन काय, पुढच्या वर्षी पुन्हा झालंच असतं."

"झालं ना. पण तुझ्या हातचं नाही झालं."

एवढे बोलून त्यांनी आपली सळई उचलली. सुजलेली बोटे नीट वळत नव्हती, तरी कुणाला हात लावू दिला नाही. तुकडा निखाऱ्यांवर धरला, खाचा फुलू दिल्या, पावाचा मोठा काप दुसऱ्या हाताने पुढे केला आणि त्यावर थेंब थेंब चरबी जिरवत राहिल्या; पाव कडेपासून कडेपर्यंत सोनेरी झाला, तरी आणखी एकदा. मग वर कांदा ठेवला, तिखट भुरभुरले. बालिंतने सवयीने हात पुढे केला होता, तो त्याने हळूच मागे घेतला. पाव एतेल्काच्या हातात आला.

"खा. हा कडू नाही."

एतेल्काने घास घेतला, आणि इतक्या वर्षांत एकदाही न आलेले अश्रू त्या घासाबरोबर तिच्या डोळ्यांतून ओघळले... किती सुख होते त्या ओल्या, खारट घासात!

डेमेटरमामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. "म्हणजे इतकी वर्षं मी थट्टा करत होतो, ती कुणाची?"

"माझीच, मामा," एतेल्का डोळे पुसत म्हणाली. "आणि चांगली करत होतात. सोडू नका."

लोरिंत्स एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. शेवटी न राहवून त्याने बायकोला विचारले, "म्हणजे तो भुसा कोंबड्यांच्या खुराड्यासाठी नव्हता?"

मग मात्र हसण्याचा असा लोट उसळला, की बोर्बालाबाईंनाही डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकावे लागले. विल्मा हसता हसता रडत होती आणि वहिनीच्या खांद्यावर कपाळ टेकून बसली होती. बालिंतने निखाऱ्यांतून आपला काळा झालेला तुकडा काढला, फुंकला आणि कुणाला न दाखवता खाऊन टाकला. सूर्य टेकडीमागे गेला तरी कुणी उठले नाही. मीठ कोण लावणार, यावर मात्र सासूबाई पुन्हा एक शब्दही बोलल्या नाहीत. एतेल्कानेही विचारले नाही. जे मिळाले होते, ते तिला पुरेसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला ठोकण्याच्या आवाजाने जाग आली. हलके, थांबत थांबत पडणारे हातोडीचे घाव... मग ते थांबले. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा चूल पेटलेली होती आणि एतेल्काच्या जागेवर बसून बोर्बालाबाई कांदा चिरत होत्या. काप जाडेभरडे होत होते.

"मी चिरते, आई."

"चिरेन मी. तू तुझं बघ."

एतेल्काने तवा कडेला ठेवला. अंडी फेटली. पाव कापून फडक्यात गुंडाळला. मग सवयीने हात पुसले आणि ती उभी राहिली. सासूबाई उठल्या नाहीत. कांद्यावरून त्यांनी मानही वर केली नाही. कोठीचे दार सताड उघडे होते.

तिला कळायला थोडा वेळ लागला.

मग ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि या वेळी तिचे पाय थांबले नाहीत. आत गारवा होता, आणि बीचच्या धुराचा गोडसर, जुना वास. वर पट्टे ओळीने टांगलेले. सुरी घ्यायला तिने सवयीने वर पाहिले. उंचावरचा जुना खिळा रिकामा होता. सुरी खाली होती, तिच्या खांद्याच्या उंचीवर, एका नव्या खिळ्याला. खिळा थोडा तिरका बसला होता आणि त्याच्याखाली चुन्याचा ताजा पांढरा चुरा सांडला होता.

मग तिने सुरी काढली, सर्वांत जवळचा पट्टा एका हाताने स्थिर धरला आणि तुकडा कापला. बाहेर येऊन तो फळीवर, कांद्याच्या शेजारी, ठेवला.

"पुरेल ना, आई?"

बोर्बालाबाईंनी तुकडा बोटाने उलटून पाहिला. साल कापताना वाकडी गेली होती.

"जाड कापलंस."

"सवय नाही."

"डिसेंबरात मीठ लावायच्या वेळेपर्यंत होईल," त्या म्हणाल्या आणि चिरलेला कांदा सुनेपुढे सरकवला. "पुरेल."