कोसमटोल्याच्या पाळीवर

शेकोटी थोडी पुढं ओढा रे. लाइट आता लवकर येत नाही, आणि आली तरी ही गोष्ट अंधारातच बरी. संजू, तुझी ती मोबाइलची बत्ती बंद कर बाबा, डोळ्यांत जाते.

लोकेंद्र माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. तुमच्यातल्या बारक्यांनी त्याला पाहिलं नसेल. तो आता बालाघाटकडे असतो, इथं बिरसीला क्वचितच येतो. हे सगळं त्यानं मला स्वतः सांगितलं, याच ओसरीवर बसून. मी पदरचं काही घालत नाही.

तेव्हा तो तिरोड्याला एका औषधाच्या दुकानात कामाला होता. साधा मुलगा, कमी बोलणारा. पण त्याला फोटो काढायचं वेड होतं. गोंदियाच्या बाजारातून एक जुना कॅमेरा घेतला होता, रोल घालायचा. लोक लग्नाचे, बारशाचे फोटो काढतात. हा काय काढायचा? सूप. भिंतीला टेकवून ठेवलेलं सूप, त्याच्या विणीत अडकलेला कोंडा आणि त्यावर पडलेलं तिरपं ऊन. दोरीवर वाळणारा गमछा. पाखडताना आईचा नुसता हात. सायकलच्या हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा. कापणीनंतर बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, रचून ठेवलेली धानाची पुंजणी, पहाटेच्या धुक्यात म्हातारी माणसं उकिडवी बसल्यासारखी दिसणारी.

आमची कुंताबाई, त्याची आई, डोक्याला हात लावायची. "लोकं माणसायचे फोटो काढतात, अन हा बाप्पा सुपाचे काढून राहिला!" पण फोटो धुऊन घरी आला की सगळ्यांत जास्त वेळ तीच तो हातात धरून बसायची. रोज पाखडायचं सूप, पण आपण ते कधी पाहिलंच नव्हतं असं वाटायचं.

त्याचा एक मित्र होता, हिमांशू. शाळेपासूनचा. त्याचा तिरोड्यातच फोटो स्टुडिओ. लोकेंद्रचे सगळे रोल त्याच्याकडे जायचे. तोच ते धुवायचा, निगेटिव्ह तोच जपून ठेवायचा. "तू फक्त काढत जा गा," म्हणायचा, "बाकीचं मी पाहतो." आणि लोकेंद्रनं आपल्या निगेटिव्ह कुठं आहेत हे कधी विचारलं नाही.

आता त्या रात्रीचं सांगतो. दोन हजार पाच साल. कार्तिक पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली. दुकानाला सुटी होती. दुपारी हिमांशू मोटारसायकल घेऊन दारात उभा.

"चाल, कोसमटोल्याले जाऊ. त्या शकुंतलाबाईले तिच्या सुपाचा फोटो द्यायचा राहिला ना? देऊन टाकू. अन आज चंद्र अंधार पडल्यावर निघते. तलावाच्या पाळीवरून पाहशील तं येडा होशील."

लोकेंद्रला आनंद झाला. एरवी ह्याला लग्नाच्या सीझनमध्ये नाक खाजवायला वेळ नसतो, आणि आज स्टुडिओ बंद करून आपल्यासाठी आला. कॅमेरा घेतला, तिपाई घेतली आणि मागं बसला.

शकुंतलाबाई गावाच्या टोकाला एकटी राहायची. फोटो तिनं दिव्याजवळ नेऊन पाहिला, मग हातभर लांब धरून पाहिला. "हे माह्यंच सूप होय का गा? मले वाटलं कोण्या मालगुजाराघरचं." काळा चहा पाजला. हिमांशू चहा पिताना सारखा घड्याळ पाहत होता. लोकेंद्रला वाटलं, चंद्राची वेळ पाहतो आहे.

तलाव गावापासून थोडा दूर. जुना, मोठा तलाव. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाची झाडं, आणि मधोमध तुडुम, म्हणजे बांध्यांना पाणी सोडतात तो दगडी दरवाजा. त्याच्याजवळ दोघं थांबले. सूर्य गेला. पलीकडच्या काठाची पुंजणी काळी पडत गेली. लोकेंद्रनं तिपाई लावली.

"तू काढ," हिमांशू म्हणाला. "मी गावातल्या पानठेल्यावरून खर्रा घेऊन येतो."

"आता? निघतेच ना चंद्र."

"हा गेलो अन हा आलो."

गाडी सुरू झाली. लोकेंद्रनं कॅमेऱ्याला डोळा लावला होता, पण कान उघडे होते. गाडीचा आवाज गावाकडे वळला नाही. सडकेकडे गेला. तिरोड्याच्या सडकेकडे. मग बारीक होत होत संपला. असेल काही काम, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

चंद्र निघाला. पुंजण्यांच्या मागून, तांबडा, पितळी परातीएवढा. पाण्यावर त्याची वाट पडली. लोकेंद्र मला म्हणाला, मामाजी, त्या वेळी मी इतका खूश होतो की दोन गोष्टी वाटल्या. एक, हे आईला दाखवायचं. दुसरं, हिमांशूनं हे चुकवलं.

मग वेळ गेला. चंद्र वर आला, पांढरा झाला. अंगात थंडी भरली. हिमांशू नाही. पाण्यावरून धुकं उठलं आणि पाळीशी येऊन थांबलं. लोकेंद्रनं कॅमेऱ्याचं झाकण लावलं, वळला...

तुडुमाच्या दगडावर हिमांशू बसला होता.

पाण्याकडे तोंड, याच्याकडे पाठ. तोच शर्ट, तेच विंचरलेले केस.

"आला का? गाडीचा आवाज नाही आला बे."

लोकेंद्र तिपाईचे पाय मिटू लागला.

"भेटला का खर्रा?"

"लोकेंद्र." आवाज हिमांशूचाच. फक्त संथ. शाळेत पाठ केलेलं म्हणतात तसा. "तुह्या सुपाचा फोटो नागपूरले लागला आहे."

"काय बोलून राहिला?"

"मोठं प्रदर्शन होय. सहा फोटो लागले. सूप. गमछा. डबा. पुंजण्यायचे दोन. अन तुह्या मायच्या हाताचा एक."

लोकेंद्रला आधी कळेना. मग कळलं आणि तो हसला. आपल्या मित्रानं गुपचूप फोटो पाठवले, आणि सांगायला इथं, पाळीवर, चांदण्यात आणलं! डोळे भरून आले त्याचे. "अबे, मग सांगितलं काऊन नाही? मायले सांगितलं असतं मी!"

"खाली नाव माहं आहे."

"मजाक करून राहिला."

"नाही."

रातकिडे ओरडत होते. लोकेंद्र ते ऐकत राहिला. दुसरं काही ऐकायचं नव्हतं त्याला.

"काऊन?" शेवटी तो म्हणाला.

"पहिले वाटलं, तुले नावाची काय गरज. मग वाटलं, रोल धुतले मी, जपले मी. मग... मग वाटलं, माहेच आहेत."

पाठ तशीच. हलली नाही.

"आज सकाळी फोन आला. पहिलं बक्षीस भेटलं. तिरोड्यात आजच सत्कार ठेवला. तू गावात राहिला असता तं तुले कळलं असतं. म्हणून तुले इथं आणून सोडलं."

शाळेत एका डब्यात जेवलेला मित्र. लोकेंद्र दोन पावलं पुढं गेला. कॉलर धरायची होती त्याला. "उठ. माह्याकडे पाहून बोल."

"नाही पाहता येत."

"काऊन नाही येत?"

"मी इथं नाही ना."

लोकेंद्र थांबला.

"...मग कुठं आहे?"

"स्टेजवर."

रातकिडे गप्प झाले. सगळे. एकदम.

"आत्ता माह्या गळ्यात हार घालून राहिले."

आणि टाळ्या ऐकू आल्या. खूप माणसांच्या. लांबून. पण गावाकडून नाही. सडकेकडूनही नाही.

पाण्याखालून.

लोकेंद्रचा हात पुढं झालेला होता. तो त्यानं हळूच मागं घेतला. एक पाऊल मागं. अजून एक. दगडावरची पाठ हलली नाही. तो वळला. चालू लागला. पळायचं नाही, असं त्यानं ठरवलं. का ठरवलं, ते त्यालाही माहीत नाही.

"काऊन जाऊन राहिला?"

आवाज मागून नव्हता. कानाशी होता.

"मी तं खरं बोललो."

मग तो पळाला.

कॅमेरा तिथंच राहिला. शकुंतलाबाईनं दार उघडलं, त्याला एकटा पाहिला, त्याचं तोंड पाहिलं आणि चुलीजवळ बसवलं. दाराला आडणा लावला. रात्रभर ती लाकडं सारत राहिली. एकदाच म्हणाली, "तुयी काही चूक नाही ना? मग झोप."

झोप कुठली! सकाळच्या पहिल्या बसनं तो तिरोड्याला आला. घरी गेला नाही, सरळ स्टुडिओत. हिमांशू शटर उघडत होता. याला पाहिल्याबरोबर बोलणं सुरू, "अबे लोकेंद्र, माफ कर गा, गाडी बंद पडली रस्त्यात, ढकलत ढकलत..."

"सहा फोटो," लोकेंद्र म्हणाला. "सूप. गमछा. डबा. पुंजण्यायचे दोन. अन माह्या मायच्या हाताचा."

हिमांशूचा हात शटरवरच राहिला. मग त्यानं मान झटकली. "कोणी लावालावी केली? तुह्या दुकानातल्या छोटेलालनं सांगितलं ना? तो होता रात्री सत्कारात."

"तू सांगितलं."

"मी?"

"रोल धुतले मी, जपले मी. मग वाटलं माहेच आहेत."

हिमांशू हसायला गेला. हसू अर्ध्यावर राहिलं. तो तिथंच पायरीवर बसला. हे वाक्य त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मनातल्या मनात घोळवलेलं, रात्री झोप लागली नाही की स्वतःला सांगायचं वाक्य होतं ते.

लोकेंद्रनं पाळीवरचं सगळं सांगितलं. हिमांशू खालच्या आवाजात बोलला. रात्री हार घातला, माइक हातात दिला. बोलायला तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही. "तोंड हालवत राहिलो गा. काहीच नाही. लोकायले वाटलं, पोरगा भरून आला. त्याहिनं टाळ्या वाजवल्या..."

लोकेंद्रनं त्याला हात लावला नाही. शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "तू स्वतः कधी सांगितलं असतं का बे मले?"

हिमांशूनं उठून अर्धं उघडलेलं शटर पुन्हा खाली ओढलं.

मला हे सांगताना लोकेंद्र इथं थांबला होता. तलावाचं सांगताना आवाज हलला नाही त्याचा. इथं हलला. म्हणाला, "मामाजी, जे कोण तिथं बसलं होतं त्याचं मले भेव नाही वाटत आता. ते खरं तं बोललं. हिमांशूच्या तोंडून एवढं खरं मी कधी ऐकलं नव्हतं, अन ते हिमांशू बोललाच नव्हता."

कॅमेरा कोसमटोल्याच्या एका माणसानं आणून दिला. आतला रोल लोकेंद्रनं भर उन्हात ओढून काढला आणि फेकून दिला. धुतला नाही. त्या दोघांचं बोलणं पुन्हा कधी झालं नाही.

प्रदर्शन संपल्यावर सहाही फ्रेमा हिमांशूनं लोकेंद्रच्या घरी पाठवून दिल्या. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. पण प्रत्येक फोटोच्या खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं हिमांशूचं नाव छापलेलं होतं, तिथं ओल. अक्षरं धुऊन गेलेली. बाहेरून काच कोरडी, आतून ओल. फोटो मात्र ठणठणीत, कुठं डाग नाही.

कुंताबाईला बरं वाटलं. म्हणाली, देवानंच पुसलं. तिनं फ्रेम उघडायला लावली, कोपरा पुसून चुलीच्या धगीवर सुकवला आणि लोकेंद्रला म्हणाली, आता तुहं नाव लिही. त्यानं सुपाच्या फोटोखाली पक्क्या शाईनं आपलं नाव लिहिलं.

सकाळी तेही गेलेलं होतं.

त्यानंतर त्यानं कुठल्याच फोटोवर नाव घातलं नाही. पाच फ्रेमा तो बालाघाटला घेऊन गेला. सुपाची माझ्याकडे ठेवली, मधल्या खोलीत आहे, कणगीच्या वर. तुम्ही लहानपणापासून पाहत आलात. वैशाखात विहिरी तळ गाठतात, तेव्हाही तो कोपरा सुकत नाही. मी कधी हात लावत नाही.

रुचि, कुठं गेली होतीस एवढ्यात? ...आत?

लावलंस बोट?

बस इथं. पदराला पुसू नको. आण हात इकडं, उजेडात.

...आता वास घेऊन पाहा. तलावाच्या पाण्याचा येतो ना?