भिजलेली राजकन्या

दारात उभ्या असलेल्या माणसाला दोन चेहरे होते. खालचा पुरुषाचा, दाढी ओली, डोळे झोपेने जड. वरचा एका राजकन्येचा... तो त्याने टोपीसारखा डोक्यावर चढवला होता, आणि पावसाने तिचा गाल ओघळून त्याच्या भुवईवर आला होता.

मिका जागची उठली नाही. चिकट सरसाचं भांडं ढवळत तिने नुसतं वर पाहिलं. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा जहाजावर गेला तो समुद्रातच राहिला, आणि ती माहेरी परतली. तेव्हापासून हेच भांडं आणि हीच काठी. तिचा बाप फानियास नाटकाचे मुखवटे करणारा म्हणून आसपासच्या गावांत नावाजलेला, पण त्याची बोटं आता वाकडी झाली होती. मुखवटे मिका करायची, नाव बापाचं चालायचं.

"मुखवटा डोक्यावर घेऊन पावसातून आलात?" ती म्हणाली.

"डोकं भिजत होतं."

"तागाचं फडकं आणि सरस असतो तो. छप्पर नाही."

"आता कळलं." त्याने राजकन्या हलकेच उतरवली, तर तिचं नाक त्याच्या हातात आलं. ते त्याने तळहातावर धरून दाखवलं. "एकोणीस दिवसांत नऊ गावं झाली, बाई. एवढं फिरल्यावर माणूस विचार करत नाही. हाताला लागेल ते डोक्यावर घेतो."

कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेला फानियास खुसखुसला. "चाळीस वर्षं नटांना चेहरे देतोय. अक्कल मात्र एकालाही देता आली नाही."

त्याचं नाव थ्रासोन. फिरत्या नाटकमंडळीतला तिसरा नट. दाया, राण्या, राजकन्या, निरोपे... जे उरेल ते त्याच्या वाट्याला. उद्या सकाळी गावात दिओनिसोस देवाच्या सणाचं नाटक होतं. जहाजांना वारा मिळावा म्हणून राजा आपल्या मुलीला लग्न आहे सांगून बोलावतो आणि वेदीवर तिचा बळी देतो, ती जुनी गोष्ट.

"राजकन्या नाही झाली तर आमचा म्होरक्या मला इथंच टाकून जाईल," थ्रासोन म्हणाला. "आणि या गावात माझं कोण आहे?"

मिकाने एक सुस्कारा सोडला. "साच्यावर आठ दिवस लागतात. उद्याच हवा तर तुमच्याच डोक्यावर करावा लागेल. शेगडीजवळ बसायचं, हलायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही. ओठ हलले की राजकन्येचं तोंड वाकडं."

"नटाला गप्प बसवताय?"

"हो म्हणायचं असेल तर बोटाने पाटावर एकदा वाजवा. नाही म्हणायचं तर दोनदा. जमेल?"

टक.

फडकं चिकटू नये म्हणून तिने त्याच्या चेहऱ्याला ऑलिव्हचं तेल लावलं. आधी कपाळ, मग गाल... मग जरा थांबून ओठांच्या कडा. त्याने डोळे मिटून घेतले होते, ते बरं झालं. सहा वर्षांत तिने फक्त मातीच्या डोक्यांना हात लावला होता. माती एवढी उबदार नसते. मग सरसात बुडवलेल्या पट्ट्या एकावर एक बसत गेल्या, आणि तो माणूस त्याखाली दिसेनासा झाला.

बाहेर पाऊस, आत शेगडी. कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज येऊ लागला.

"दमलात का हो?" तिने विचारलं.

टक.

"नाटक आवडतं का अजून?"

त्याचं बोट पाटावर घुटमळलं. मग टक... टक... आणि आणखी एक टक.

"तीनदा म्हणजे काय?"

त्याने खांदे उडवले. ती हसली. आपल्याला हसू आलं याचंच तिला नवल वाटलं.

"नऊ गावांत नऊ वेळा मेलात तुम्ही."

टक.

"पण खरी गोष्ट वेगळी आहे म्हणतात. शेवटच्या क्षणी देवीने मुलीला उचलून नेलं आणि वेदीवर हरिणी ठेवली."

टक.

"तुम्हाला खरं वाटतं?"

या वेळी बोट हललंच नाही. मिका भांड्यात पाहत राहिली.

"मलाही नाही वाटत," ती म्हणाली. "नवरा बुडाला तेव्हा वर्षभर मी म्हणायचे, कुठल्यातरी देवाने उचलून नेला असेल. मग म्हणायचं सोडलं. रोज तेच तेच म्हणून जीव थकतो." उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसापाशी बोलणं सोपं जातं. "हे चेहरे बघा. एवढ्या मायेने करायचे, आणि दाराशी गाडी येते, घेऊन जाते. एकही मागे राहत नाही."

त्याचं बोट पाटावरून सरकत आलं आणि तिच्या बाहीच्या कडेला टेकून राहिलं. तिने बाही काढून घेतली नाही.

संध्याकाळी तिने मुखवटा मागून कापून सोडवला. पांढरा रंग दिला, डोळे काढले. मान मोडून आली होती, हात आपोआप चालत होता.

सकाळी म्होरक्याने मुखवटा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "ही सोळा वर्षांची पोर? कित्येक रात्री न झोपलेली बाई आहे ही."

मिकाने पाहिलं. पापण्या किंचित उतरलेल्या, ओठांच्या कडा खाली वळलेल्या... थकव्यात तिने स्वतःलाच रंगवलं होतं. तिने घाईने मुखवट्याला हात घातला. थ्रासोनने तो मागे घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "वेदीकडे निघालेली मुलगी टवटवीत कुठून दिसणार?"

टेकडीच्या उतारावर ती अगदी वर, बायकांच्या मागे उभी राहिली. राजकन्या वेदीपाशी जाऊन वळली. "बाबा, वारा सुटला का बघा," एवढंच म्हणाली. आपल्याच चेहऱ्याला असं मरायला जाताना पाहून मिकाला पदर तोंडावर ओढावासा वाटला.

थोड्या वेळाने तोच थ्रासोन निरोप्याचा मुखवटा घालून आला. वेदीवर हरिणी होती, मुलगी नव्हती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं तो सांगू लागला. सांगताना मान वर करून, थेट मागच्या रांगेकडे... हा माणूस खोटं बोलत नसावा, असं तिला त्या दिवशी वाटलं.

दुपारी पुन्हा पाऊस लागला. ती सरस ढवळत होती तेव्हा दगडी उतारावरून गाडीची चाकं खडखडत गेली. ती दारापर्यंतही गेली नाही. आवाज विरेपर्यंत काठी फिरवत राहिली.

मग दारात सावली पडली. या वेळी त्याला एकच चेहरा होता, आणि तो पार भिजला होता.

"गाडी गेली," ती म्हणाली.

"गेली."

"आणि राजकन्या?"

"देवळात टांगून आलो. देवाला वाहिली."

मिकाचा हात थांबला. नाटकाचे मुखवटे शेवटी दिओनिसोसलाच वाहतात, पण फिरतीवरची मंडळी ते शेवटच्या गावात करतात. एकदा वाहिलेलं परत काढता येत नाही.

"अजून दोन गावं होती ना तुमची?"

"होती. म्होरक्या वाटेल ते बोलला आणि निघून गेला." थ्रासोनने ओल्या दाढीवरून हात फिरवला. "काय करू... तो चेहरा पुन्हा वेदीवर न्यायचा? आणि पुन्हा? नाही जमणार मला."

"आता या गावात तुमचं कोण आहे?"

"तेच विचारायला आलोय."

घोंगडी हलली. "आता याला नवा चेहरा करायचा असेल," फानियास म्हणाला, "तर मातीच्या साच्यावर कर, पोरी. काल दिवसभर टकटक ऐकून माझे कान किटले."

"तुम्ही झोपला होतात, बाबा."

"मी घोरत होतो. झोपलो कुठे होतो?"

थ्रासोन त्याच्याकडे वळला. "चेहरा नकोय मला. सरस ढवळायला माणूस हवा असेल तर मी येतो. आणि... तुम्ही दिलीत तर मिकाचा हात मागतो."

"देणारा मीच. गावाच्या रीतीने तेच आहे," म्हातारा म्हणाला. "पण सहा वर्षं हे घर तिने ओढलंय. आधी तिला विचार."

थ्रासोन पाटाजवळ येऊन खाली बसला.

"थांबू मी, मिका?"

तिला खूप सांगायचं होतं. की ती आता तरुण राहिली नाही, की तिच्या हातांना कायम सरसाचा वास येतो, की कुणाची वाट पाहायची ताकद तिच्यात उरलेली नाही. पण तिने काठी बाजूला ठेवली आणि बोटाने पाटावर एकदा वाजवलं.

थ्रासोन श्वास रोखून बसून राहिला... बोट दुसऱ्यांदा वाजतंय की काय म्हणून.

ते वाजलं नाही.