अठरा फुटांवरचे डोळे

अर्जदाराचे नाव

कार्तिकातलं धुकं होतं. शामकला डोक्यावर गवताचा भारा घेऊन गोंदियाहून फुलचूरकडे जाणाऱ्या रस्त्याने घरी निघाली होती. आणि रस्त्याच्या कडेला, जमिनीपासून पुरुषभर उंच, तिची मेलेली बहीण उभी होती.

भारा खाली पडला.

"पडला का जी?" धुक्यातून आवाज आला. शिडीवरून एक तरुण उतरला. बोटं निळी, कानामागे कुंचला. "भेवू नका. पाटी आहे. विडीची."

खरंच, पाटीच होती. लाकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा, त्यावर केशरी पळसफुलं आणि हातात विडीचा कट्टा घेतलेली एक बाई. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. नाकाचं टोक जरासं वाकडं. दोन वर्षांपूर्वी बोदलकसाच्या तलावात बुडालेली रुख्मा हुबेहूब अशीच होती. फक्त डोळ्यांच्या जागी कोरं पांढरं.

"ही... कोन?"

"मनातली."

"मनात कोनी उगीच येत नाही."

"येते की. तुमी नाही का आता आलात, धुक्यातून?"

शामकलाला राग यायला हवा होता. त्याने भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा त्याच्या बोटाचा निळा रंग तिच्या मनगटाला लागला... आणि तिने तो तीन दिवस धुतला नाही.

त्याचं नाव जागेश्वर. पवनीकडचा. या मुलखात पहिल्यांदाच आलेला. रुख्माला त्याने पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं.

मंजूर उंची : बारा फूट. मागितलेली उंची : अठरा फूट.

चौथ्या दिवशी पाटीला डोळे आले.

त्या दिवसापासून गाड्यांचे बैल तिथे आपोआप थबकू लागले. कितीही शेपट्या पिरगाळा, पाय हलत नसत. बाया पाटीखाली धानाच्या लोंब्या ठेवू लागल्या. कुणीतरी पत्र्याला कुंकू लावलं.

विडीवाले ईश्वरदास शेठ खूश! पण नाक्याजवळ धानाच्या गिरणीचं नवं छप्पर चढलं आणि शहराकडून पाटी दिसेनाशी झाली. शेठना ती सहा फूट वर हवी होती. म्युनिसिपालटीचा नियम मात्र ठाम होता. रस्त्याकाठी बारा फुटांपेक्षा उंच पाटी नको. खास परवानगी हवी असेल, तर सर्वांत जवळच्या घराची लेखी संमती आणा.

सर्वांत जवळचं घर शामकलाचं. बाप नाही. आई, धुरपताबाई, अक्षरशत्रू. चौथी शिकलेली शामकलाच काय ती सही करणार.

कागद घेऊन जागेश्वर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी कागद घरीच विसरून आला.

"कागद कुठं आहे?"

"राहिला."

"मंग कायले आले?"

"कागद राहिला हे सांगाले."

उंची वाढवण्याचे कारण

(या रकान्यात शेठने 'व्यापारवृद्धी' असं लिहिलं होतं. घरातलं कारण वेगळं होतं.)

"कर नं सही," धुरपताबाई म्हणाली. "वर चढली का कुंपनावरून दिसन मले. माही पोरगी अंगनात दिसन."

"माय, मी आहो नं अंगनात."

आईने ऐकलं नाही. ती ताट घेऊन बाहेर पडली. पाटीखाली बसून ती भात कालवायची, गप्पा मारायची, हसायची. रुख्मा गेल्यापासून शामकलाशी जेवढं बोलली नव्हती, तेवढं त्या पत्र्याशी आठ दिवसांत बोलली.

सही केली तर आई पुरती तिकडचीच होणार. नाही केली तर काम थांबून शेठ जागेश्वरला पवनीला परत धाडणार. शामकला कागदाकडे बघत बसे... आणि तेवढ्यात चुलीपुढे बसल्या बसल्या तिला गाड्यांवरची धानाची पोती वरून दिसू लागत. शेठचं टक्कल वरून दिसे. आईच्या केसांतला पांढरा भांग, वरून.

ती धावत रस्त्यावर गेली आणि पहिल्यांदाच तिने पाटीच्या डोळ्यांत पाहिलं.

रुख्माच्या चेहऱ्यातून ती स्वतःच स्वतःकडे बघत होती.

शेजाऱ्यांची हरकत

"डोळे कोनाचे काढले तुमी?"

जागेश्वर शिडी पुसत होता.

"आमच्या घरी कान्होबाच्या मूर्ती बनवतात. डोळे शेवटी काढाचे. उपास धरून, तोंडाले फडकं बांधून. मंग मूर्तीत जीव येते. हाताले तीच सवय... या पाटीलेही तसंच केलं मी."

"विडीच्या पाटीसाठी उपास?" तिला भीतीतही हसू फुटलं.

"दोन दिवस. पानीसुद्धा नाही." तोही हसला. मग हळूच — "चेहरा कोनाचा, मले खरंच ठाऊक नाही. हातानं काढला. पन डोळे... तुमी कुंपनावरून पाहत राहत होता नं, मी शिडीवर असलो का..."

"मी नाही पाहत!"

"मंग मले कसे दिसले?"

वारा नव्हता, तरी पत्रा करकरला. शामकलाने कागद काढला. संमतीच्या रकान्यात लिहिलं : हरकत नाही, पण बाईचे डोळे मिटलेले असावेत.

जागेश्वरने दोनदा वाचलं.

"आमच्यात उघडले डोळे मिटवत नाही. ज्यानं मिटवले, त्याच्या हातची मूर्ती मंग कोनी देव्हाऱ्यात ठेवत नाही."

शामकलाला हे ठाऊक नव्हतं. तिने कागद ओढून घेतला. "राहू द्या मंग. मी खोडते. जाऊ नका तुमी... असेच राहू द्या डोळे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "नका खोडू. डोळे तुमचे आहेत." मग कुंचला घेऊन शिडी चढला.

निकाल

भर दुपार. म्युनिसिपालटीचे ओव्हरशिअर साहेब मोजणीचा बांबू घेऊन झाडाखाली बसले होते. जागेश्वर पापण्या रंगवत होता. डावी मिटली तेव्हा पत्रा हलका थरथरला, झोपेत माणूस थरथरतो तसा. उजवी मिटली आणि खाली उभ्या असलेल्या शामकलाला लख्ख उन्हात काहीच दिसेना. काळोख. पाण्याच्या तळाचा, हिरवा, गार...

मग ऊन परत आलं. अंगण दिसलं, आता फक्त तिच्या स्वतःच्या उंचीवरून.

पाटी अठरा फुटांवर चढली. बैल न थांबता खालून निघून गेले. धुरपताबाईने मान वर करून पाहिलं. कितीतरी वेळ.

"निजली," ती म्हणाली. आणि वळून शामकलाच्या गालाला तिने हात लावला. "पोरी, जेवली का तू?"

शामकलाने नुसतीच मान हलवली. नाही.

आई चुलीकडे गेली, तेव्हा जागेश्वर कुंपणापाशी उभा होता. कुंचले त्याने फडक्यात बांधून टाकले होते.

"आता पवनीले जाऊन काय करू? अक्षरं काढीन. फुलं काढीन. डोळे नाही जमाचे आता कधी."

"नका काढू," शामकला म्हणाली. "पाहा."

त्याने पाहिलं. तिने नजर खाली केली नाही.