तेराव्याचा चेहरा

अच्युत घाटोळनं सायकलच्या हँडलला पिशवी अडकवली. पिशवीत कागदाचं भेंडोळं, चार पेन्सिली, खोडरबर आणि रोजची वही. जबलपूरच्या चेरीतालहून महाराजपूरला जायचं, दुपारभर बसायचं, एक चेहरा काढायचा आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, इतकंच काम होतं. निघताना बायको इंदिरा म्हणाली, "आज तरी जमन का?" अच्युतनं पेडल मारलं. असले प्रश्न त्याला झोंबत.

झोंबणारच. माणूस होताच ताठ, आणि खरं सांगायचं तर ताठ असायचा त्याला हक्क होता. तोफगाड्यांच्या कारखान्यात, नकाशाखात्यात, तो ट्रेसर होता. सुट्या भागांचे नकाशे दिवसभर पारदर्शक कापडावर शाईनं उतरवायचे, हे पोटासाठी. घरचा नेम वेगळा. वहीत रोज एका माणसाचं डोकं काढायचं. अठ्ठावन्नच्या दिवाळीपासून एक दिवस खाडा नाही, तापात नाही की रेल्वेच्या डब्यात नाही. पहिल्या वर्षाची वही पाहाल तर हसाल. नाकं लोंबलेली, कपाळं गायब, डोळे पार केसांत शिरलेले. मग एकदा त्यानं शेजाऱ्याचं डोकं दोऱ्यानं मोजलं, तेव्हा कळलं की डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. नाक म्हणजे सावली, हे उमजायला तिसरं वर्ष उजाडलं. आता पासष्ट साल होतं. अधारतालच्या टपरीवर गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत ते गिऱ्हाईक वहीत उतरलेलं असे. "अरे, ये तो अपने शर्माजी हैं!" असं कुणी ओरडलं की अच्युतची छाती फुगे. अडीच हजार डोकी झाली होती. जबलपुरात आहे का दुसरा कुणी?

पण त्या अडीच हजारांत पुंडलिक नव्हता. पुंडलिक त्याचा जिवाभावाचा मित्र, त्याच कारखान्यात खरादी, लेथवर लोखंड कातणारा. रोजचाच माणूस, याला कधीही काढू म्हणता म्हणता राहून गेलं. पाकिस्तानशी लढाई लागली, बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या, दोघांची गाठ पडायची ती सायकल-स्टँडवर आणि तीही धावतपळत. आणि सप्टेंबरात विषमज्वरानं सहा दिवसांत पुंडलिक गेला. मागे बायको सत्यभामा आणि आठ महिन्यांचा बंडू. घरात त्याचा फोटो एकच, लग्नातला. त्यात मान खाली आणि तोंडावर मुंडावळ्या. बंडूला बाप दाखवायचा म्हटलं तर दाखवायला काही नव्हतं.

दहाव्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर कावळा पिंडाला शिवेना. पुंडलिकचा थोरला भाऊ तुळशीराम हात जोडून म्हणाला, "पोराले मी वाढवीन." कावळा हलला नाही. "शिकवीन, नोकरीले लावीन." कावळ्यानं मान फिरवली. तासभर झाला. लोक कुजबुजू लागले, सत्यभामा पदरात तोंड खुपसून बसली. तेव्हा अच्युत पुढे झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुंडलिक, तुझ्या पोराले तुझा चेहरा मी काढून देतो. तेराव्याले भिंतीवर असन."

कावळा सरळ खाली आला आणि घास घेऊन उडाला.

मेलेल्या मित्राचाही आपल्या हातावर भरवसा आहे, या अभिमानानं अच्युतचे डोळे भरून आले. त्या दिवशी घरी येताना त्यानं सायकल अशी हाणली की काय सांगावं! पण दोन दिवस गेले आणि कागदावर पुंडलिक काही येईना. कवटी यायची, जबडा यायचा, माणूस यायचा नाही. पंधरा कागद फाडून झाले. मृताला दिलेला शब्द मोडला तर त्या घरासमोरून जायचं कसं, हा विचार त्याला जेवू देईना. म्हणून बाराव्याच्या दिवशी तो महाराजपूरला निघाला होता. पुंडलिकच्याच खोलीत बसून काढू, कदाचित आठवेल.

तो पोचला तेव्हा सगळे सपिंडीच्या विधीसाठी घाटावर निघाले होते. दारात टांगा उभा होता. "चलो, तुम्ही बसा निवांत," तुळशीराम म्हणाला. "आतून कडी लावून घ्या. गाय शिरून राहिली घरात." टांगा गेला. अच्युतनं कडी लावली.

भर दुपार होती, पण खोलीत अंधार. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला. त्यानं एक झडप बोटभर उघडली. उजेडाची एक पट्टी कागदावर पडली, बाकी खोली तशीच काळी राहिली. खिडकीशेजारी खिळ्याला पुंडलिकचा दाढीचा आरसा होता. सुतक म्हणून घरच्यांनी तो भिंतीकडे तोंड करून टांगला होता. अच्युत पुंडलिकच्या स्टुलावर बसला. आधी गोल, मग मधली उभी रेघ, मग डोळ्यांची आडवी. आठवणीतून काढताना एकदा पेन्सिल टेकली की पुरं होईस्तोवर कागदावरची नजर काढायची नाही, ही त्याची सात वर्षांची शिस्त होती.

बाहेर सगळं निपचित होतं. दूर कारखान्याचा भोंगा झाला आणि विरला. मग कुठूनतरी दाढीच्या साबणाचा वास आला. पाठोपाठ खर्र... खर्र... असा पातं फिरवल्याचा बारीक आवाज. शेजारी कुणी दाढी करत असेल, अच्युतच्या मनात आलं. सुतकात या घरात कोण करणार?

"भुवई... एक सूत वर."

आवाज हलका, घसा बसल्यासारखा. तुळशीराम परत आलेला दिसतो, असं त्याला वाटलं. तोही खरादीच, दोघं भाऊ सगळं सुतात, इंचाच्या आठव्या हिश्शात, मोजायचे. अच्युतनं भुवई वर घेतली. आणि काय सांगू तुम्हाला, कागदावर एकदम पुंडलिकनं डोळा उघडला!

"ओठ... जाड झाला. अर्धं सूत काढ."

त्यानं काढला. हात असा चालू लागला की अच्युतला स्वतःचाच हेवा वाटावा. भांग काढला, तर आवाज म्हणाला, "इकडून नाही... तिकडून." गालावर तीळ टेकवला, तर पुन्हा तेच. "इकडं नाही... तिकडं." अच्युत थबकला. त्याच्या आठवणीत तीळ याच गालावर होता. पण सख्ख्या भावापुढे आपली आठवण काय! त्यानं तीळ खोडून दुसऱ्या गालावर काढला.

"हां..." आवाज अगदी कानाजवळ आला. साबणाचा वास आता ओला, ताजा होता. "आता मी दिसून राहिलो."

"पाहा दादा!" अच्युत हसत वळला.

खोलीत कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती, त्यानंच लावलेली. मग बाहेर टांगा थांबला आणि तुळशीरामनं हाक मारली, "अच्युतराव, कडी काढा न! काहून अंधारात बसले?" अच्युतनं कडी काढली. मग कागद गुंडाळला आणि सायकल काढली. हे सांगितलं तरी कोण ऐकणार होतं?

तेराव्याला चित्र भिंतीवर लागलं, हार चढला. कारखान्यातली माणसं दारातच थबकली. "बाप रे... अभी बोल देगा," एक मिस्त्री पुटपुटला. तुळशीराम ढसाढसा रडला. अच्युतला भीती वाटत होती, हे खरं. पण त्याहून मोठा होता तो अभिमान. अडीच हजार डोक्यांचं चीज झालं होतं. त्याला वाटलं, आता मी मेलो तरी चालेल.

माणसं पांगल्यावर सत्यभामा बंडूला कडेवर घेऊन चित्रासमोर उभी राहिली.

"भाऊजी... तेच आहेत. पण तीळ उजव्या गालावर होता. तुम्ही डाव्यावर काढला. भांगही उलटा आहे."

अच्युतची कानशिलं तापली. ट्रेसरला यापरती नामुष्की नाही. ट्रेसिंगचं कापड पालथं पडलं की डावा भाग उजवा होतो आणि सगळं लोखंड वाया जातं. "चूक झाली वहिनी," तो म्हणाला. "मी दुसरं काढतो."

"नका काढू."

तिनं खिळ्यावरचा आरसा उतरवला, पदरानं पुसला आणि चित्रासमोर धरला. आरशात तीळ उजव्या गालावर गेला, भांग जागेवर आला. आरशात पुंडलिक होता, जसा सगळ्यांनी पाहिला होता तसा.

"कागदावर आहे तसा उलटा चेहरा आमच्यापैकी कोणीच नाही पाहिला," ती अगदी हळू बोलली. "एकट्या त्यांनीच पाहिला. रोज सकाळी... या आरशात." मग तिनं विचारलं, "काल तुम्हाले कोणी सांगून राहिलं होतं का, भाऊजी?"

अच्युतनं होकारार्थी मान हलवली. सत्यभामानं आरसा समोरच्या भिंतीवर टांगला. "इथंच राहू द्या. बंडूले इथून दिसतील ते."

कडेवरचा बंडू आरशाकडे झेपावला आणि हसला. अच्युतही आरशात बघू लागला. त्याची छाती भरून आली. असा चेहरा कुणी काढला नसेल, आणि असा कुणी बसलाही नसेल आपल्यापुढे! तेवढ्यात त्याचं लक्ष डोळ्यांकडे गेलं. आरशातली नजर खाली वळली होती, किंचित, एखादं सूत. ती बंडूवर होती.

अच्युतनं झटकन वळून कागदाकडे पाहिलं. कागदावरचे डोळे त्यानं काढले होते तसेच सरळ समोर होते.