पट्टा चुकला नव्हता

“म्हंजे आता संध्याकाळपर्यंत तुमची नजर माझ्यावरच?” कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत कमलेशने विचारलं.

“तुमच्यावर नाही, कॅप्सूलवर,” मी म्हटलं. पण कान तापले ते तापलेच.

खालापूरच्या एका दवाखान्यात आमची चाचणी चालू होती. कॅप्सूलमध्ये इवलासा लोहचुंबक, पोटाभोवती मी बनवलेला पट्टा... आणि कॅप्सूल आत कुठवर पोचली ते पडद्यावरच्या ठिपक्यावरून कळायचं. पोशीरच्या भातखाचरांत वाढलेल्या मुलीने तीन वर्षं खपून बनवलेला पट्टा! चाचणीला स्वतःहून नाव देणाऱ्यांतला हा चौथा, कडावचा शेतकरी. हसला की गालाला खळी... असो.

दुपारी ठिपका डाव्या कमरेशी थांबला. एक तास, दोन तास... हलेचना.

“एकतर कॅप्सूल अडकलीय, नाहीतर तुझा पट्टा चुकतोय,” डॉक्टर नम्रता मॅडम म्हणाल्या. “एक्स-रे काढू. पट्टा चुकला असेल तर समिधा, चाचणी इथेच बंद.”

माझा चेहरा पडला.

“मला कायबी दुखत नाय,” कमलेश हळूच म्हणाला. “तुमी रडू नका.”

“रडत नाहीये! जरा कुशीवर वळा.”

तो वळला, आणि ठिपका चक्क पोटाबाहेर गेला!

“अंगावर लोखंड आहे?”

“नाय ओ. घड्याळ, चेन, किल्ल्या, सगळं काढून दिलंय.”

“आणि करदोरा?”

“तो हाय की! पण तो काय काढायची वस्तू हाय व्हय?”

करदोऱ्याला लोखंडी कडी होती, दुपारी सरकून पट्ट्याखाली आलेली. ठिपका तिच्याकडेच ओढला जात होता. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या आयने बांधलेली. ‘अंगावरच्या धातूच्या वस्तू काढा’ ही सूचना माझीच. पण करदोऱ्याला आमच्याकडे वस्तू कोण म्हणतं? बाबांनीही तो काढला नसता. मलाच सुचायला हवं होतं.

“करदोरा तोडायचा नाय हां. आय जीव घेईल!”

“फक्त कडी सोडवा.”

कडी निघाली आणि ठिपका टुणकन बेंबीच्या उजवीकडे गेला. मी तिथे पेनाने फुली मारली.

“गुदगुल्या व्हतात...”

“गप्प पडा!”

फुलीवर शिशाचा मणी चिकटवून एक्स-रे काढला. मणी आणि कॅप्सूल एकावर एक!

“पट्टा बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या वीस जणांची यादी कर.” मला इतका अभिमान वाटला की फुलीच्याच पेनाने तिथल्या तिथे यादी लिहायला घेतली.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर कमलेश एका अनोळखी बाईंना सांगत होता, “पोटातली गोळी बाहेरनं बोट ठेवून दाखवली तिनं! पोशीरची हाय, आमच्या तालुक्यातली!” इतक्या तोऱ्यात माझ्याबद्दल घरच्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

मला पाहून तो गडबडला. कर्जतची गाडी आली, गेली. तो चढलाच नाही.

“कॅप्सूल उद्या निघून जाईल,” तो चाचरत म्हणाला. “मग भेटायला... काय कारण सांगू?”

“कारण कशाला हवं? मला आवडतोस तू,” मी सरळ सांगून टाकलं.

तो लालबुंद झाला. मग बाईंकडे वळून छाती फुगवत म्हणाला, “मावशी, हीच ती!”