उद्या पाठीमागे

वर्ग उघडला तेव्हा छताचा प्रोजेक्टर गायब होता. कुलूप मात्र शाबूत.

"किल्ल्या दोनच," उपसंचालक इतुरी दारातूनच कडाडले. "एक माझ्याकडे, एक तुमच्या लाडक्या वाराकडे. झालं तर मग! उद्याच्या परीक्षेचं नाव काढू नकोस, पोरी."

एल आल्तो शहरातल्या त्या भाषासंस्थेत फिलोमेना किस्बर्तबाई इंग्रजीचे काळ शिकवायच्या. वर्ग सगळा तिथल्या मूळनिवासी आयमारा पोरांचा. त्यात वारा सर्वांत तल्लख. ही परीक्षा दिली की सरोवरकाठच्या हॉटेलात तिची नोकरी पक्की होती.

तिने पाठीवरचं गाठोडं सोडून बाकावर उपडं केलं. बटाटे, लोकरीची टोपी, एक कंगवा.

"घ्या, बघा! काल मीच कुलूप लावलं," फळ्याकडे हात करत ती म्हणाली. "तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. न केलेली चोरी मी कबूल करणार नाही. आणि परीक्षेला बसणारच."

"जीभ बघा केवढी!"

बाई वर बघत होत्या. फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत, प्रोजेक्टरच्या अगदी खालून, त्यांनी एक दोरी ताणली होती. तिच्यावर क्रियापदांची पानं चिमट्यांनी लावलेली असत. घडून संपलेलं एका टोकाला, होणारं दुसऱ्या टोकाला, आणि घडलेलं पण अजून हाताशी असलेलं आजच्या शेजारी. कुठला काळ कधी वापरायचा, ते पोरं या दोरीवरच शिकली होती.

आजही पानं ओळीत होती. होणारं फळ्याजवळ, घडलेलं मागच्या भिंतीकडे.

"साहेब, तुम्ही या वर्गात कधी आला होतात?"

"या कोंडवाड्यात? कधीच नाही."

"मग आता या. फळ्याकडे तोंड करा. कालचा दिवस कुठे आहे, हाताने दाखवा."

"काय पोरखेळ आहे!" इतुरींनी अंगठा खांद्यावरून मागे नेला.

"पोरांनो, आता तुम्ही."

सगळे हात समोर, फळ्याकडे गेले.

"आम्हा आयमारांचा काल डोळ्यांपुढे असतो, साहेब," बाई म्हणाल्या. "तो पाहिलेला असतो. उद्या कुणी पाहिलाय? म्हणून तो पाठीमागे. ही दोरी मी तुमच्या पुस्तकाच्या उलट बांधते. प्रोजेक्टर काढताना ती खाली आली. चोराने पानं पुन्हा नीट लावली, पण स्वतःच्या समजुतीने. वाराने झोपेत लावली असती तरी अशी लावली नसती. उरली दुसरी किल्ली."

"पुरावा?"

"चोरीचा आळ घेऊन हा वर्ग बंद पाडायचा आणि खोली बँकेच्या साहेबांना भाड्याने द्यायचीय तुम्हाला, हे शिपायालाही ठाऊक आहे. तुमची गाडी रात्रभर इथेच होती. तिची डिकी उघडता, की संचालकांना बोलावू?"

डिकीत इतुरींच्याच कोटाखाली प्रोजेक्टर निघाला.

"साऱ्या जगात उद्या पुढेच असतो," ते पुटपुटले.

"पुढे होता, तर आजचं का नाही दिसलं तुम्हाला?" वारा म्हणाली. मग वर्गात जाऊन ती बाकावर चढली आणि दोरीवरची पानं पुन्हा पहिल्यासारखी, काल फळ्याकडे, लावायला लागली.