काळ्या कोटाचं निळं बटण

"आत्याआजी, काळ्या कोटाला निळं बटण लावलंस!" चिंगी ओरडली.

"काळंच आहे ते! उभा जन्म शिवणकामात गेलाय माझा!" आत्याआजीने तट्‌कन दोरा तोडला.

एरवी ती अशी चिडत नसे. पण आज संध्याकाळी तारे पाहणाऱ्यांच्या मंडळाचे सचिवकाका येणार होते. तिच्या लाडक्या तांबड्या ताऱ्याचं तेज कमीजास्त व्हायचं. शेजारच्या निळसर ताऱ्याशी ताडून ती ते रोज वहीत मांडायची. अशा तीस वर्षांच्या तीस वह्या! पण यंदा तिच्या वहीत तो तारा मंडळातल्या इतरांच्या नोंदींपेक्षा उजळ येऊ लागला, आणि काकांनी एकही वही न उघडता कळवून टाकलं, 'सगळ्या नोंदी रद्द.'

चिंगीला भारी वाईट वाटलं. तिला पहिला तारा आत्याआजीनेच दाखवला होता.

"दादा, वह्या काढ!" ती भावाला म्हणाली.

दुपारभर दोघांनी पानं चाळली. "वहीतले पांढरे तारे मंडळाच्या आकड्यांशी जुळतात गं," दादा म्हणाला. "तांबडाच तेवढा चुकतोय, तोही वर्षभरच!"

चिंगीने गोळीचा पारदर्शक पिवळा कागद डोळ्यावर धरला आणि कोटाकडे पाहिलं. "अय्या! बटण काळं दिसतंय!"

"मोतीबिंदू!" दादाने चुटकी वाजवली. "डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की निळा उजेड अडतो. मग निळसर तारा मंद, आणि तांबडा उजळ!"

अंधार पडताच काका बॅटरी फिरवत गच्चीवर आले.

"बॅटरी बंद!" चिंगी म्हणाली. "डोळे अंधाराला सरावू देत, काका. पंधरा मिनिटं गप्प बसायचं!"

काकांनी बॅटरी विझवून वाट पाहिली. मग वर पाहून म्हणाले, "तांबडा थोडा मंद आहे."

"आता या कागदातून बघा."

"अरेच्चा! तांबडाच वरचढ!"

"आत्याआजीच्या वहीत हेच लिहिलंय!"

काकांनी खाली येऊन पहिल्यांदाच जुन्या वह्या उघडल्या. मंडळाच्या नोंदींशी आकडे तंतोतंत जुळत होते. "चुकलो, ताई. हे तर सोनं आहे! आणि पोरांनो, शाबास तुमची!"

"डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले होते," आत्याआजी हळूच म्हणाली. "पण भीती वाटली गं. आहे तेही दिसेनासं झालं तर?"

चिंगी तिला बिलगली. "मी येते ना तुझ्याबरोबर."

सुट्टी संपायच्या आत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आत्याआजीने कोट हातात घेतला.

"अगं बाई! हे तर निळंशार!"

चिंगी कात्री आणायला धावली.

"राहू दे," आत्याआजीने तिला जवळ ओढलं. "या बटणाने आणि तुझ्या डोळ्यांनीच माझी तीस वर्षं वाचवली."